चिकटलेल्या पेशी सोडवायच्या कशा? फ्लो सायटोमेट्रीआधीचा अर्धा तास

लॅबमध्ये नवीन आलेल्याला पहिल्या आठवड्यातच, तळाला चिकटलेल्या पेशी सोडवायला, ट्रिप्सिन हे प्रथिनं कापणारं एन्झाइम घालायला शिकवतात. मीडिया (पेशींचा पोषक द्रव) काढ, धू, ट्रिप्सिन घाल, पाच मिनिटं इन्क्युबेटरमध्ये ठेव, फ्लास्क थोपट, वर मीडिया घाल. पेशी वाढवायच्या असतील, एका फ्लास्कचे तीन करायचे असतील, तर एवढं पुरतं. पुढे काही महिन्यांनी तोच विद्यार्थी फ्लो सायटोमेट्रीसाठी, म्हणजे रंगवलेल्या पेशी एकेक करून लेझरसमोरून नेऊन मोजण्यासाठी, नमुना तयार करायला बसतो आणि हाताला लागलेल्या सवयीने तेच सगळं करतो. घोटाळा तिथे होतो.

माझाही झाला होता. स्तनाच्या कर्करोगाच्या दोन सेल लाइन्स, एमसीएफ-७ आणि एमडीए-एमबी-२३१. दोन्हींच्या पृष्ठभागावर ई-कॅडहेरिन हे प्रथिन किती आहे ते मोजायचं होतं. एमसीएफ-७वर ते भरपूर असतं, एमडीए-एमबी-२३१वर जवळजवळ नसतंच. म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेला, हात बसावा म्हणून दिलेला प्रयोग. माझ्या आलेखात मात्र दोन्हींचे डोंगर, म्हणजे पेशींच्या चमकेचे उंचवटे, एकमेकांवर बसले. मी अँटिबॉडीला (प्रथिनाला चिकटून ते दाखवणाऱ्या रेणूला) दोष दिला, मग मशीनला, मग सेल लाइनच बदलली गेली असेल अशी शंका घेतली. तीन आठवडे असे गेले. शेवटी शेजारच्या बाकावर कोणीतरी त्याच एमसीएफ-७ प्लेटवरच विरघळवून वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून ओळखण्याची चाचणी) केला होता, त्यात १२० किलोडाल्टनला ठसठशीत पट्टा दिसला. प्रथिन होतं. फ्लास्कमधून पेशी काढताना मीच ते कापून टाकलं होतं.

तेव्हापासून मी प्रत्येक नवख्याला हेच सांगत आलो आहे: पेशी सोडवणं हा मोजमापाचाच भाग आहे. काय मोजायचं ते आधी ठरवा आणि त्यावरून कोणती बाटली उघडायची ते ठरवा.

पेशी कशाने धरून असतात

दोन प्रकारच्या गाठी डोळ्यांसमोर ठेवा. एक तळाशी: मीडियातल्या सीरममधून फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिन अशी प्रथिनं प्लास्टिकवर बसतात, पेशी स्वतःही काही सोडतात, आणि पेशीवरची इंटिग्रिन्स त्यांना पकडतात. दुसरी गाठ शेजारणीशी: कॅडहेरिन्स एकमेकांत अडकतात. इंटिग्रिन्सना पकड टिकवायला मॅग्नेशियम-कॅल्शियमसारखे आयन लागतात, कॅडहेरिन्सना कॅल्शियम लागतं. ईडीटीए हे रसायन असे आयन उचलून नेतं, गाठी सैल पडतात. ट्रिप्सिनचं काम वेगळं आहे. ते डुकराच्या स्वादुपिंडातून मिळणारं पाचक एन्झाइम आहे; प्रथिनाच्या साखळीत लायसिन किंवा आर्जिनिन आलं की त्याच्या पुढे कापतं. समोरचं प्रथिन पेशीला तळाशी बांधणारं आहे की तुम्हाला मोजायचं आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. लायसिन आणि आर्जिनिन तर बहुतेक प्रथिनांत असतातच.

ट्रिप्सिनचा हा वापर जुना आहे. पेटन राउस आणि एफ. एस. जोन्स यांनी १९१६मध्ये ऊतीतून सुट्या जिवंत पेशी मिळवायला ते वापरलं. पण आपल्या कामाचा धडा जपानमधून आला. मासातोशी ताकेइची यांनी १९७७मध्ये दाखवलं की कॅल्शियम असताना ट्रिप्सिन घातलं तर पेशींची कॅल्शियमवर अवलंबून असलेली एकमेकींना चिकटण्याची क्षमता शाबूत राहते. कॅल्शियम नसताना घातलं तर ती जाते. पुढे ज्यांना कॅडहेरिन हे नाव मिळालं तीच ही प्रथिनं. कॅल्शियम बसलेलं असताना कॅडहेरिनचा बाहेरचा भाग ताठ आणि घट्ट असतो, ट्रिप्सिनला दात रोवायला जागा मिळत नाही. कॅल्शियम काढलं की तो लुळा पडतो आणि कापला जातो. आता आपल्या रोजच्या बाटलीकडे बघा: ट्रिप्सिन-ईडीटीए. आधी ईडीटीएने कॅल्शियम काढून घ्यायचं आणि लगेच ट्रिप्सिनने कापायचं. ई-कॅडहेरिन घालवण्याची याहून चांगली कृती मला सुचवता येणार नाही.

कोणत्या कामाला काय

नुसतं पॅसेजिंग (पेशी नव्या फ्लास्कमध्ये वाटणं) असेल, किंवा मोजणी करून ठरावीक पेशी प्लेटमध्ये टाकायच्या असतील, तर ०.२५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए खुशाल वापरा. कापली गेलेली प्रथिनं पेशी पुन्हा बनवते. एचईके-२९३सारख्या हलक्या हाताने चिकटणाऱ्या पेशींना ०.०५ टक्के सुद्धा पुष्कळ होतं. पेशीचक्रासाठी डीएनए रंगवायचा असेल तरी ट्रिप्सिन चालतं, कारण तिथे पृष्ठभागाशी काम नसतं.

पृष्ठभागावरचं प्रथिन मोजायचं असेल तर पहिली पसंती एन्झाइमविना, नुसत्या ईडीटीएला. त्याने पेशी सुटल्याच नाहीत तर ट्रिपल-ई किंवा ॲक्युटेज ही एन्झाइमं. ही दोन्ही ट्रिप्सिनपेक्षा सौम्य म्हणून विकली जातात आणि बऱ्याच प्रथिनांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. ॲक्युटेजने मॅक्रोफेज या भक्षक पेशींवरची फास रिसेप्टर आणि फास लिगँड ही प्रथिनं कमी झालेली आढळली आहेत. तेव्हा बाटलीवरच्या शब्दावर विसंबू नका. पुढे एक चाचणी दिली आहे, ती आपल्या प्रथिनासाठी स्वतः करा. ॲक्युटेज वापरणाऱ्यांनी आणखी एक सांभाळायचं: ते ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये गरम करत ठेवायचं नाही. त्या तापमानाला ते स्वतःलाच पचवत जातं आणि तासाभरात निकामी होतं.

ॲनेक्सिन-व्ही या मरणाऱ्या पेशींना चिकटणाऱ्या प्रथिनाने पेशीमृत्यू मोजणार असाल तर तीन गोष्टी पाळा. तरंगणाऱ्या पेशी असलेला जुना मीडिया फेकू नका, मरणाऱ्या पेशी आधी त्यातच गेलेल्या असतात. ट्रिप्सिनमध्ये पेशी जास्त वेळ ठेवू नका आणि स्क्रेपरने खरवडू नका, पटल फाटलं की निरोगी पेशीही मेलेली दिसते. आणि ईडीटीए पूर्ण धुऊन काढा: ॲनेक्सिन-व्ही कॅल्शियमशिवाय चिकटतच नाही, म्हणून तर त्याच्या बफरमध्ये २.५ मिलिमोलर कॅल्शियम असतं.

वेस्टर्न ब्लॉट किंवा आरएनए हवं असेल तर बहुधा पेशी सोडवण्याची गरजच नसते. बर्फावर ठेवलेल्या प्लेटमध्येच लायसिस बफर (पेशी फोडणारं द्रावण) घालून खरवडा. आरएनएसाठी ट्रायझॉल थेट प्लेटवर घाला. विशेषतः फॉस्फोरिलेशन (प्रथिनांवर फॉस्फेट बसणं) बघायचं असेल तर ३७ अंशांची ट्रिप्सिनची पाच मिनिटं म्हणजे पेशीला बदलायला दिलेली पाच मिनिटं. मॅक्रोफेज, उदाहरणार्थ आरएडब्ल्यू २६४.७, ट्रिप्सिनला फारशी दाद देत नाहीत; तिथे बर्फावर थंडगार ईडीटीए आणि मग हलक्या हाताने स्क्रेपर.

प्रत्यक्ष कृती: एमसीएफ-७, एक टी-२५ फ्लास्क, ई-कॅडहेरिनसाठी

ज्यांच्याकडे स्वतःच्या पेशी नाहीत त्यांना पुण्यात गणेशखिंडीच्या विद्यापीठ परिसरात असलेल्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) पेशीसंग्रहातून त्या मागवता येतात. कुठूनही आणा, पण पॅसेज क्रमांक लिहून ठेवा आणि मायकोप्लाझ्मा या लपून वाढणाऱ्या जिवाणूची चाचणी करा. मानवी पेशी आहेत. हातमोजे, हूड आणि टाकाऊ द्रवासाठी हायपोक्लोराइट, यात सूट नाही.

पेशी ७० ते ८० टक्के भरलेल्या असताना घ्या. शंभर टक्के भरून दोन दिवस उलटलेल्या फ्लास्कमधल्या पेशी चादरीसारख्या एकसंध सुटतात, मग त्यांच्या गुठळ्या फोडताना जीव जातो, पेशींचाही.

पीबीएस (पेशी धुण्याचं फॉस्फेट घातलेलं खारं पाणी) कॅल्शियम-मॅग्नेशियमविरहित घ्या. बाटलीचं लेबल वाचा, कारण दोन्ही प्रकारच्या बाटल्या शेल्फवर शेजारी शेजारी उभ्या असतात आणि दिसायला सारख्याच असतात. त्यात २ मिलिमोलर ईडीटीए घालून, पीएच ७.४ करून, गाळून ठेवा आणि वापरण्याआधी ३७ अंशांना कोमट करा.

मीडिया काढा. पेशींच्या बाजूवर पिपेटचं टोक टेकवू नका. फ्लास्क उभा करा, कोपऱ्यातून ओढून घ्या. मग साध्या पीबीएसने दोनदा धुवा, प्रत्येक वेळी ४ ते ५ मिलि. पीबीएस पेशींवर सोडू नका, समोरच्या भिंतीवर सोडून वळवा. घाई याच पायरीवर होते आणि पुढची निम्मी दुखणी इथूनच निघतात. सीरममध्ये अल्फा-१ अँटिट्रिप्सिन आणि अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन असतं, ते ट्रिप्सिनला बांधून ठेवतं. मीडियात कॅल्शियम असतं, ते ईडीटीएला भरून काढतं. धुणं अर्धवट राहिलं की काहीही घाला, पेशी हलत नाहीत. विद्यार्थी मग वेळ वाढवतो, आणखी ट्रिप्सिन घालतो. दोष बाटलीचा नसतो, आधीच्या मिनिटाचा असतो.

आता ईडीटीएचं द्रावण २ मिलि घाला, फ्लास्क आडवा करून सगळीकडे पसरू द्या, ३७ अंशांना ठेवा. पाच मिनिटांनी बघा, मग दर दोन-तीन मिनिटांनी. सूक्ष्मदर्शकाखाली आधी पेशींमधल्या फटी उजळ होतील, मग कडा आत ओढल्या जातील, मग पेशी गोल होऊन चमकू लागतील. घावन करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: कडा सुटल्याशिवाय उलथनं घालायचं नाही. एमसीएफ-७ला नुसत्या ईडीटीएमध्ये दहा-पंधरा मिनिटं लागू शकतात. घड्याळ लावा, पण निर्णय डोळ्याने घ्या. एकाच सेल लाइनला दाटी आणि फ्लास्कच्या वयानुसार वेगळा वेळ लागतो.

फ्लास्क आपटू नका. अनेक लॅबमध्ये तळहातावर जोरात मारायची पद्धत आहे, आणि पेशी त्याने सुटतातही, पण पुंजक्यांनी सुटतात. बहुतेक पेशी गोल झाल्या की फ्लास्क कलता धरून त्याच द्रावणाचा ओघ १ मिलिच्या पिपेटने तळावर वरून खाली सोडत या. आठ-दहा वेळा पुरे. फेस येऊ देऊ नका. थोड्या पेशी तळाशी राहिल्या तर राहू द्या. त्यांच्यासाठी बाकीच्यांचे हाल करू नका. मात्र पावपेक्षा जास्त राहत असतील तर थांबून विचार करा, कारण सर्वांत घट्ट चिकटणाऱ्या पेशी मागे ठेवून उरलेल्या मोजल्या तर तो नमुना सगळ्या फ्लास्कचा प्रतिनिधी राहत नाही.

पेशी १५ मिलिच्या नळीत घ्या, ५ मिलि थंड मीडिया घाला. ट्रिप्सिन वापरलं असतं तर सीरम असलेला मीडिया इथे त्याला थांबवतो, निदान दुप्पट तरी घालायचा. सीरमविना पेशी वाढवणाऱ्यांनी सोयाबीन ट्रिप्सिन इनहिबिटर वापरावं. ट्रिपल-ई आणि ॲक्युटेजच्या बाबतीत भरपूर पातळ करून सेंट्रिफ्यूजने काढून टाकणं हाच मार्ग.

सेंट्रिफ्यूज २०० ते ३०० जी, पाच मिनिटं, ४ अंश. आरपीएम (मिनिटाला फेरे) नव्हे, जी (गुरुत्वाच्या किती पट जोर). १२०० आरपीएमला १५ सेंटीमीटर त्रिज्येच्या रोटरमध्ये सुमारे २४० जी मिळतात, १० सेंटीमीटरच्या रोटरमध्ये १६०च. ‘१२००ला फिरव’ हा निरोप म्हणूनच एका लॅबमधून दुसरीत नेऊ नये. वरचा द्रव ओतू नका, ओढून काढा. खालची गोळी आधी नळीला बोटाने टिचकी मारून सैल करा आणि मग २ मिलि थंड बफर घाला: पीबीएस, १ टक्का बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन). नेहमीच्या फ्लो बफरमध्ये पेशी चिकटू नयेत म्हणून १-२ मिलिमोलर ईडीटीए असतं आणि बहुतेक प्रथिनांसाठी ते चांगलंच. पण ई-कॅडहेरिनच्या काही अँटिबॉडी कॅल्शियम बसलेलं, ताठ रूपच ओळखतात. तुमच्या अँटिबॉडीचं माहितीपत्रक त्यासाठी वाचा. तशी असेल तर रंगवताना बफरमध्ये १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड हवं आणि ईडीटीए नको. पेशी पुन्हा बिलगू नयेत म्हणून सगळं बर्फावर. मात्र साध्या फॉस्फेट बफरमध्ये कॅल्शियम जास्त झालं की पांढरा साका बसतो. त्यासाठी हेपेस किंवा ट्रिसवर बनवलेलं सलाइन घेतलेलं बरं.

मोजणी करा. ट्रिपॅन ब्लू (मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग) ०.४ टक्के, पेशींइतकंच, म्हणजे दुप्पट विरलन. समजा हिमोसायटोमीटरच्या (पेशी मोजायच्या काचपट्टीच्या) चार कोपऱ्यांच्या चौकोनांत मिळून १८४ जिवंत आणि ८ निळ्या दिसल्या. सरासरी ४६, गुणिले २, गुणिले १०,०००, म्हणजे मिलिलीटरला ९ लाख २० हजार. जिवंत पेशी ९६ टक्के. मोजणी पाचेक मिनिटांत उरका, ट्रिपॅन ब्लूमध्ये पडून राहिल्या तर जिवंत पेशीही निळ्या होऊ लागतात. टक्का ९०च्या खाली आला तर तो नमुना पुढे नेऊ नका, मागे कुठे चुकलं ते शोधा. एका नळीला ५ लाख पेशी रंगवायला पुरतात.

गुठळ्या झाल्या तर

ढवळल्यावर द्रवात शेवाळासारखे धागे लोंबताना दिसले तर ते मेलेल्या पेशींतून बाहेर आलेलं डीएनए आहे. जितकं जोरात पिपेट कराल तितक्या आणखी पेशी फुटतील, आणखी डीएनए येईल, गुंता वाढतच जाईल. डीएनेज-१ हे डीएनए कापणारं एन्झाइम घाला, पण त्याला मॅग्नेशियम लागतं, म्हणून ईडीटीए असलेल्या बफरमध्ये ते काम करत नाही. आधी बफर बदला, ५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड द्या, मग डीएनेज.

धागे नसून तांदळाच्या कणीसारखे पुंजके असतील तर पेशी पुरत्या सुट्या झालेल्याच नाहीत. ४० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा. मशीनवर नेण्याआधी गाळणं तर नेहमीच करा, फ्लो सायटोमीटरची नळी तुंबली की मागे रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांचा दिवस जातो. तरीही जोड्या राहतातच; विश्लेषणात फॉरवर्ड स्कॅटरचं (पेशीवरून पुढे विखुरलेल्या प्रकाशाच्या संकेताचं) क्षेत्रफळ आणि उंची एकमेकांसमोर मांडून त्या वगळा. मेलेल्या पेशींना अँटिबॉडी उगाच चिकटते, म्हणून ७-एएडीसारखा मृतपेशींचा रंगही असायलाच हवा.

आपण प्रथिन कापलं का, हे कसं कळेल

मला कोणीतरी ही चाचणी तेव्हा सांगितली असती तर तीन आठवडे वाचले असते. खर्च एका दुपारचा आहे. ईडीटीएने सोडवलेल्या पेशींचे दोन भाग करा. एका भागाला ३७ अंशांना पाच मिनिटं ट्रिप्सिन-ईडीटीए द्या, दुसऱ्याला तेवढाच वेळ, त्याच तापमानाला, नुसतं ईडीटीए. दोन्ही सीरमच्या मीडियाने थांबवा, सारखं धुवा, एकाच मिश्रणातून अँटिबॉडी घाला. जोडीला दोन्हीकडून अँटिबॉडीविना एकेक नळी, आणि ई-कॅडहेरिन नसलेली सेल लाइन म्हणून एमडीए-एमबी-२३१. एमसीएफ-७मध्ये ईडीटीएच्या भागाचा डोंगर उजवीकडे आणि ट्रिप्सिनच्या भागाचा डावीकडे सरकलेला दिसेल. दोन्हींमधलं अंतर म्हणजे आपण केलेली कापणी. ट्रिप्सिनच्या जागी ट्रिपल-ई किंवा ॲक्युटेज ठेवून हीच चाचणी आपापल्या प्रथिनासाठी करता येते. फरक पडला नाही तर निर्धास्तपणे ते एन्झाइम वापरा, काम लवकर होईल.

कधी कधी एन्झाइमशिवाय इलाजच नसतो. एमडीसीके किंवा कॅको-२सारख्या घट्ट विणलेल्या पेशी नुसत्या ईडीटीएला सहसा बधत नाहीत. तेव्हा सोडवल्यानंतर पेशींना न चिकटणाऱ्या प्लेटमध्ये, पूर्ण मीडियात, ३७ अंशांना काही तास सावरायला देतात. किती तास हे प्रथिनागणिक वेगळं. दर दोन तासांनी थोड्या पेशी रंगवून पाहा. बर्फावर ठेवून प्रथिन परत येत नाही, थंडीत पेशी नवं काही बनवत नाही. आणि तुलना करायची असेल तर औषध दिलेला आणि न दिलेला, दोन्ही फ्लास्क एकाच पद्धतीने आणि सारखाच वेळ सोडवा. औषधाने एका फ्लास्कच्या पेशी सैल झाल्या म्हणून तिथे तीन मिनिटं आणि दुसरीकडे दहा, असं केलंत तर आलेखातला फरक औषधाचा की मिनिटांचा, हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही.

ट्रिप्सिनची बाटलीही एक अस्थिर वस्तू आहे. ती ऑटोक्लेव्ह करायची नसते. लहान नळ्यांत वाटून उणे २० अंशांना ठेवा, वितळवलेली फ्रिजमध्ये ठेवून दोनेक आठवड्यांत संपवा, पुन्हा पुन्हा गोठवू नका. दिवसभर वॉटर बाथमध्ये विसरलेली बाटली संध्याकाळी निम्म्या ताकदीची असते, कारण ट्रिप्सिन स्वतःलाही कापतं. फेनॉल रेड घातलेलं द्रावण पिवळट दिसत असेल तर पीएच उतरला आहे. ट्रिप्सिनला थोडा अल्कलीकडे झुकलेला पीएच मानवतो, पिवळ्यात ते मंदावतं.

वहीत ‘ट्रिप्सिनाइझ केलं’ एवढंच लिहिलेलं मी स्वीकारत नाही. नोंद अशी हवी: एमसीएफ-७, पॅसेज १८, टी-२५, ७५ टक्के दाटी. कॅल्शियम-मॅग्नेशियमविरहित पीबीएसने दोनदा धुतलं. २ मिलिमोलर ईडीटीए, २ मिलि, ३७ अंश, १२ मिनिटं, १० वेळा पिपेट. अंदाजे ९० टक्के सुटल्या. २५० जी, ५ मिनिटं, ४ अंश. ९.२ लाख प्रति मिलि, जिवंत ९६ टक्के. ४० मायक्रॉन गाळणी. सुटल्यापासून रंगवेपर्यंत ३५ मिनिटं, बर्फावर.